१९०९ ची फोर्ड मॉडेल टी टूरिंग (उघडी, मागेपुढे सीट असलेली गाडी) विकायला आहे, मालक ‘पहिल्या २,५०० पैकी’ म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

आधी बॉनेट उघडून पाण्याचा पंप बघा. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांच्याच इंजिनाला पुढे गिअरवर फिरणारा पंप होता. नंतर फोर्डने तो काढला आणि गरम पाणी आपोआप वर चढतं यावरच इंजिन थंड ठेवायचं काम भागवलं. पण नुसता पंप दिसला म्हणून हुरळू नका. पुढच्या गाड्यांनाही लोक बाजारातले पंप बसवत, ते बहुधा पंख्याच्या पट्ट्यावर चालतात. मग पायाशी वाका. त्यातल्याही पहिल्या साधारण ८०० गाड्यांना तीनऐवजी दोनच पेडल आणि दोन लिव्हर होते, रिव्हर्स हाताने टाकायचा. तसं असेल तर गाडी खरंच दुर्मिळ. चकचकीत काळा रंग मात्र नंतरचा समजा. १९०९ च्या टूरिंग लाल नाहीतर हिरव्या असत.

एक अडचण: त्या काळी नंबर इंजिनावर ठोकत, चासीवर नाही. म्हणजे जुनं इंजिन नव्या सांगाड्यावर बसवलं असेल तरी नंबर बरोबरच दिसेल. बॉडी आणि ॲक्सल जाणकाराकडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.