खिल्लारी: बैल की माणूस?

प्रश्न असा आहे: अमेरिकी कथेचं भाषांतर करताना 'रँचर'ला, म्हणजे गुरांचे मोठे कळप पाळणाऱ्याला, 'गुराखी' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. गुराखी म्हणजे गुरं राखणारा. 'गुरूं' हे संस्कृत 'गोरूप', प्राकृत 'गोरूव' असं घरंगळत आलंय, आणि 'राखणे' हे 'रक्ष्'वरून. पण तो राखतो ती गुरं बहुधा दुसऱ्याची. सकाळी घरोघरची दावी सोडायची, दिवस मावळताना ज्याची त्याला पोचवायची. वऱ्हाडात यालाच गायकी म्हणतात. 'गवळी'ही जमत नाही. मूळ 'गोपाल' असलं तरी आज गवळी म्हटलं की दुधाची किटलीच डोळ्यांसमोर येते.

रँचरचा कळप स्वतःचा असतो. तो जनावरं वाढवतो आणि विकतो. अशा माणसाला मराठीत शब्द आहे, खिल्लारी, आणि तो आपण विसरत चाललोय याचं मला फार वाईट वाटतं. 'खिल्लार' म्हणजे गुरांचा मोठा कळप. 'गाईगुरांचं खिल्लार' असं आपण अजून म्हणतो. तेल काढणारा तेली, तसा खिल्लार बाळगणारा खिल्लारी. हा 'ई' प्रत्यय माणूस दाखवतो. मराठीतला दुसरा 'ई' मात्र माणूस नाही, नातं दाखवतो, जसं कोल्हापुरी चप्पल. त्या वाटेनं खिल्लारातला बैल तोही खिल्लारी झाला, आणि हळूहळू माणूस मागे पडून बैलच पुढे आला. आता तर 'खिल्लार' हे त्या जातीचंच नाव आहे.

आटपाडी, म्हसवड, सांगोला हा त्या जातीचा दुष्काळी मुलूख. गाय दूध बेताचंच देते, म्हणून सगळी मदार खोंडावर. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खोंडाचा जबडा उघडून आधी दात बघतात: आदत (अजून दुधाचे दात), दुसा (दोन पक्के दात) की चौसा (चार). मग मागे वळलेली लांब टोकदार शिंगं, मग रंग, कोसा की काजळी. हा व्यवहार गुराख्याचा नाही, जनावराची पैदास करणाऱ्याचा आहे.

तेव्हा भाषांतरात पहिल्यांदा 'गुरांची खिल्लारं बाळगणारा' असं उलगडून लिहा, पुढे निर्धास्त 'खिल्लारी' म्हणा. त्याच्या पदरी घोड्यावरून गुरं हाकणारा पगारी काउबॉय असेल, तर त्याला मात्र खुशाल गुराखी म्हणा.