वाचकांचे प्रश्न: नागपुरात मेट्रोने, बसने आणि पायी

प्रश्न: मुलगा रोज वर्ध्याहून रेल्वेने नागपूरला येतो. कॉलेज हिंगणा रोडवर, वानाडोंगरीला आहे. स्टेशनबाहेर ऑटोचे भाडे परवडत नाही. मेट्रोने जमेल का? (एक पालक, वर्धा)

उत्तर: जमेल. फक्त स्टेशनातून बाहेर कोणत्या बाजूने पडायचे ते पक्के ठरवा. जुन्या इमारतीचे मुख्य दार पश्चिमेला, फलाट क्रमांक १ कडे आहे. मेट्रो स्थानक आहे पूर्वेला, संत्रा मार्केटच्या अंगाला. बहुतेक गर्दी पश्चिमेकडे निघते आणि नवखा माणूस तिच्याबरोबर वाहत जातो. मग मेट्रोसाठी अख्खे स्टेशन पुन्हा ओलांडावे लागते. मुलाने पादचारी पुलावर चढतानाच पूर्वेकडची पाटी पाहावी.

पुढे अ‍ॅक्वा लाइनची ‘लोकमान्य नगर’ लिहिलेली गाडी धरायची. ‘प्रजापती नगर’ लिहिलेली गाडी उलट दिशेला जाते. सीताबर्डीला, जिथे ऑरेंज लाइन मिळते, निम्मा डबा रिकामा होतो, पण त्याने तिथे उतरायचे नाही, बसून राहायचे. लोकमान्य नगर हे शेवटचे स्थानक. तिथून वानाडोंगरीपर्यंत शेअर ऑटो किंवा शहर बस. हा शेवटचा टप्पा सर्वांत बेभरवशाचा आहे, कारण ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. सकाळी एकाच कॉलेजची चार मुले एकत्र उतरली तर ऑटो लगेच भरतो, म्हणून मित्रांशी वेळ जुळवून घेतलेली बरी.

परतताना हिशेब असा करा: मेट्रोची वाट पाहण्यात दहा ते पंधरा मिनिटे, प्रवासात साधारण अर्धा तास, जिने-पूल-फलाट यांत दहा मिनिटे. म्हणजे रेल्वेच्या वेळेआधी तासभर लोकमान्य नगरच्या फलाटावर असावे. मेट्रोचे महाकार्ड काढून घ्या, तिकिटाची रांग टळते. शिल्लक मात्र आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

प्रश्न: विमानतळावर जायला कुठे उतरायचे? ऑरेंज लाइनवर ‘एअरपोर्ट’, ‘एअरपोर्ट साऊथ’ आणि ‘न्यू एअरपोर्ट’ अशी तीन नावे दिसतात. (वाचक, इंदोरा)

उत्तर: ‘एअरपोर्ट’लाच उतरा. गाडी खापरीकडे जाणारी घ्या. ‘न्यू एअरपोर्ट’ हे नाव ऐकून पुढे गेलेला माणूस मिहानच्या बाजूला पोचतो आणि तिथून उलट यावे लागते. ‘एअरपोर्ट’ला उतरल्यावरही टर्मिनल समोर नसते. स्थानक वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत, साधारण किलोमीटरभर. पाठीवर एकच बॅग असेल तर चालत पंधरा मिनिटे. दोन मोठ्या बॅगा असतील तर फीडर बस किंवा ऑटो घ्या आणि त्यासाठी वीस मिनिटे जास्तीची धरा.

प्रश्न: आईला दर महिन्याला मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत न्यावे लागते. आम्ही कामठी रोडला राहतो. तिला गुडघ्यांचा त्रास आहे. (वाचक, नारी रोड)

उत्तर: मेयो रुग्णालयात जायचे असते तर सोपे होते, कारण ते दोसर वैश्य चौक स्थानकाजवळ आहे. मेडिकलजवळ मेट्रो जात नाही. नारी रोडहून ऑरेंज लाइनने काँग्रेस नगरला उतरा. सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही. काँग्रेस नगरहून मेडिकल चौक दोनेक किलोमीटर आहे, तेवढ्यापुरता ऑटो करा. सबंध अंतर ऑटोने जाण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि आईंना बसचा उंच पायदान चढावा लागत नाही. स्थानकात शिरताच लिफ्टची पाटी शोधा. सरकत्या जिन्यावर काठी घेऊन चढणे धोक्याचे असते.

अजनी रेल्वे स्टेशनलाही काँग्रेस नगरच जवळचे. ‘अजनी चौक’ हे नाव वाचून पुढे जाऊ नका, ते स्थानक वर्धा रोडवर आहे.

प्रश्न: एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते. मग ‘आपली बस’मध्ये पूर्ण पैसे का घेतात? (वाचक, महाल)

उत्तर: कारण ती एसटी नाही. ‘आपली बस’ महापालिकेची आहे. महिलांना ५० टक्के सवलत (मार्च २०२३ पासून) आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास (ऑगस्ट २०२२ पासून) या राज्य परिवहन महामंडळाच्या योजना आहेत. गणेशपेठच्या स्थानकावरून सुटणाऱ्या एसटीत त्या मिळतात, मोरभवनहून सुटणाऱ्या शहर बसमध्ये आपोआप लागू होत नाहीत. महामंडळाच्या सवलतीही राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. छिंदवाड्याला जाणार असाल तर पुढच्या टप्प्याचे पूर्ण तिकीट पडेल. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा, नाहीतर वाहकाशी वाद होतो.

प्रश्न: उन्हाळ्यात मेट्रो स्थानकापासून पायी जायला कोणती वेळ बरी? (वाचक, धरमपेठ)

उत्तर: सकाळी साडेनऊपर्यंत आणि सायंकाळी सहानंतर. मधल्या वेळात अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त चालायचे असेल तर वाहन करा. नागपूरचे ऊन अंगावर घेण्याची हौस करू नये. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

सावलीचा अंदाज असा बांधा. वर्धा रोडसारख्या साधारण उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या इमारतींची सावली पदपथावर पडते. त्या बाजूने चाला. २६ मेच्या आसपास, दुपारी बाराच्या थोडे पुढे, सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी कुठल्याच भिंतीला सावली नसते. सिमेंटचे रस्ते तापतात आणि खालूनही झळ लागते, त्यामुळे पातळ तळाची चप्पल टाळा. डोक्याला ओला दुपट्टा बांधा आणि निघण्याआधी पाणी प्या, तहान लागण्याची वाट पाहू नका.

वेग मिनिटाला साधारण ८० मीटर धरा, म्हणजे एक किलोमीटरला बारा-तेरा मिनिटे. ज्येष्ठांना अठरा ते वीस लागतात. उन्हात त्यात पाव भाग वाढवा. अनेक मेट्रो स्थानकांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारे असतात. कोणत्या दाराने उतरायचे ते पाटीवर आधी वाचून घ्या, नाहीतर भर उन्हात वाहता रस्ता ओलांडावा लागतो.

प्रश्न: हिवाळी अधिवेशनात बर्डीवरून (सीताबर्डीवरून) जाताना बस अडकते. काय करावे? (वाचक, मानेवाडा)

उत्तर: त्या दिवसांत मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे येतात, विधान भवनाभोवतीचे रस्ते बंद होतात आणि बस वळवल्या जातात. मोठा मोर्चा कोणत्या दिवशी आहे ते सकाळच्या पेपरात पाहा. मेट्रो वरून धावते, तिला मोर्चा आडवा येत नाही, म्हणून बर्डी ओलांडण्यापुरती तीच घ्या. मानेवाड्याहून काँग्रेस नगरपर्यंत ऑटोने या आणि पुढे ऑरेंज लाइन धरा. झीरो माइल आणि कस्तुरचंद पार्क ही स्थानके विधान भवनाच्या परिसरातली आहेत. तिथेच काम असेल तर स्थानकाबाहेर पडताना कोणता रस्ता खुला आहे ते पोलिसाला विचारून पुढे जा.