टेलिकॉम प्रॉडक्टच्या रिक्वायरमेंट, म्हणजे त्यात नेमकं काय हवं ते, लिहिताना ग्राहकाची खरी गरज कशी ओळखायची? सर्व्हे पुरेसा आहे का?

अजिबात नाही. आमच्या सर्व्हेत प्रश्नच होता, ‘रोज किती जीबी हवा?’ साधा बटणांचा फोन वापरणाऱ्यांनीही इमानदारीत दोन जीबी सांगितलं.

मी तेव्हा एका मोबाइल कंपनीत प्रीपेडचे प्लॅन बघायचो. वैतागून दोन शनिवार परळच्या एका रिचार्जवाल्याकडे स्टुलावर बसून काढले. भिंतीवर कालनिर्णय, तारखांच्या चौकोनांत बॉलपेनने गिऱ्हाइकांची नावं: कुणाचं कधी संपतंय. पानं उलटली तर प्रत्येक नाव दर महिन्याला दोन-तीन घरं मागे सरकलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवढं जागेवर. २८ दिवसांची व्हॅलिडिटी म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज, हे एक्सेलमध्ये रोज बघायचो. भिंतीवर पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. पगार पाच तारखेला, पॅक २७लाच संपलेला. “मिस्ड कॉलपण जाईना रे,” म्हणत त्यांनी दुकानदाराच्या फोनवरून कामाच्या घरी कळवलं, उद्या येत नाही. जीबीचं नाव नाही.

मी रिक्वायरमेंट लिहिली: दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा प्लॅन. साहेब म्हणाले, “सर्व्हेत कुणी मागितलंय का?” तेरावा रिचार्ज सोडवत नव्हता, दुसरं काय! जानेवारी २०२२मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, ३० दिवसांचे आणि दरमहा त्याच तारखेला रिन्यू होणारे प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं. डिसेंबर २०२४मध्ये डेटाशिवाय नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅकही. दोन्ही त्या स्टुलावरून दिसत होतं.

तेव्हा रिक्वायरमेंटच्या पहिल्या ओळीत गिऱ्हाईक कुठल्या दिवशी, कशापायी अडलं ते लिहा. जीबी-बिबी नंतर. नेटवर्कचं मात्र दुकानात बसून कळत नाही, तिथे कुठल्या टॉवरवर कॉल तुटतात याचे आकडेच बघावे लागतात.

आणि खरं सांगायचं तर मीही कच्चाच होतो. मीटिंगमध्ये बिलिंगवाल्याने विचारलं, “३१ला रिचार्ज केला तर फेब्रुवारीत काय?” माझी दातखीळ बसली, साहेबांना आयतं कारण मिळालं. ट्रायच्या आदेशात त्याचं उत्तर एका ओळीत आहे: ती तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस. ती ओळ मी दोघांनाही पाठवली. बिलिंगवाल्याचा अंगठा लगेच आला.