मॅशमधली साखर जाते कुठे?

प्रश्न: घरच्या बिअरच्या एक्स्ट्रॅक्टवर (तयार माल्ट-अर्कावर) बऱ्याच बॅच केल्या, आता ऑल-ग्रेन, म्हणजे थेट दाण्यांपासून, सुरू केलंय. ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), १५ लिटर पाणी, ६६ अंश सेल्सिअसला तासभर मॅश (भरडलेला माल्ट गरम पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करणं) आणि मग १५ लिटरचा स्पार्ज (चोथ्यातली साखर पाण्याने धुऊन काढणं). उकळायच्या आधी २५ लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) मिळतो पण ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) फक्त १.०३३. तीनदा असंच झालं. मॅश दोन तास ठेवू का सरळ माल्टच वाढवू?

उत्तर: दोन्ही नको, थांबा जरा. पेल माल्टच्या १ किलोतून १ लिटरला जास्तीत जास्त साधारण ३०० पॉइंट (१.०३३ म्हणजे ३३ पॉइंट) मिळतात, म्हणजे तुमचे १५००, आणि हातात आले ३३ गुणिले २५ लिटर म्हणजे ८२५. पंचावन्न टक्के. कमीच आहे, पण आधी सांगा, वर्ट गार करून मोजलात का? हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) बहुतेक २० अंशाला जुळवलेला असतो आणि ६० अंशाच्या गरम वर्टमध्ये तो जवळपास १५ पॉइंट कमी दाखवतो, तसं झालं असेल तर तुमचे ५५ टक्के खरे ८० आहेत आणि काही बिघडलेलंच नाही!

गार करूनही १.०३३ च आला तर पुढच्या वेळी मॅश संपल्यावर नीट ढवळून, स्पार्जचं पाणी घालायच्या आधीचा पहिला वर्ट मोजा. किलोला ३ लिटर पाणी असताना तो १.०८० च्या आसपास यायला हवा. आला तर स्टार्चची साखर झालीये, फक्त ती चोथ्यात अडकून राहतेय, मग १५ लिटर एकदम ओतण्याऐवजी साडेसात-साडेसातचे दोन स्पार्ज करा, दर वेळी तळापासून ढवळा आणि सावकाश काढा.

पण पहिलाच वर्ट १.०६० वगैरे असेल तर दोष बहुतेक भरडीत आहे, मला तरी संशय तिचाच जास्त येतो. भरडलेला माल्ट मूठभर घेऊन ताटात पसरा. अख्खे दाणे दिसतायत? नख लावलं की आतून टणक पांढरा खडा निघतो? त्या खड्याच्या आत तासाभरात पाणी पोचतच नाही हो. दाण्याचे पाच-सहा तुकडे आणि टरफल मात्र जवळजवळ अख्खं, अशी भरड हवी, कारण टरफलांचाच थर पुढे गाळणीचं काम करतो. भरडायच्या दहा मिनिटं आधी ५ किलोवर १०० मिली पाणी शिंपडून हाताने कालवून ठेवा, टरफल चिवट होतं आणि फाटत नाही, एवढ्याशा गोष्टीने फार फरक पडतो.

भरड नीट असूनही पहिला वर्ट कमीच आला तर पीएच बघा, ५.२ ते ५.६ मध्ये हवा, आणि पीठाच्या गुठळ्या राहतायत का तेही.

भरडीत अख्खे दाणे राहत असतील तर मिलच्या रोलरमधली फट कमी करा, पण ती १.२ मिमी असेल तर एकदम ०.८ वर नेऊ नका, १.१ करा, मग १.०, प्रत्येक बॅचला एकच पायरी. वर्ट गळायचा थांबला की एक पायरी मागे या.