इजिप्तचे देव : सुरुवात कुठून करायची

अरे, एकदम सगळी यादी पाठ करायला बसू नकोस, शेकडो देव आहेत, डोकं गरगरेल. आधी ओसायरिस, त्याची बायको आयसिस, भाऊ सेट आणि मुलगा होरस एवढं घरचं भांडण नीट समजून घे, निम्मी चित्रं तिथेच कळायला लागतात.

नवीन लोकांचा हमखास घोळ म्हणजे नुसतं तोंड बघून नाव ठोकून देणं. ससाण्याचं डोकं होरसलाही आणि रा या सूर्यदेवालाही, म्हणून डोक्यावर काय आहे ते बघ, सूर्याची तबकडी आणि तिला नाग गुंडाळलेला असेल तर बहुतेक रा, दुहेरी मुकुट असेल तर होरस. आयसिसच्या डोक्यावर सिंहासनाची खूण असते, पण पुढे पुढे तिने हाथोर देवीची गायीची शिंगं पण घेतली, तिथे भलेभले फसतात.

आणि वंशावळ जुळवत बसू नको प्लीज! ३००० वर्षांचा मामला, मेम्फिस शहरवाले म्हणणार जग प्ताह देवाने केलं, हेलिओपोलिस शहरवाले म्हणणार आतुम देवाने, दोन्ही चालतं.

कोल्ह्याच्या डोक्याच्या अनुबिसला व्हिलन समजू नकोस हां, तो बिचारा ममीची काळजी घेतो, मेलेल्या माणसाचा न्याय करताना त्याचं हृदय तोलतात तेव्हा तराजू बघतो. अमून-रा वगैरे जोडदेव (दोन देव मिळून एक) नंतर बघू.