मुलाच्या नावाचा विमा आणि आईची नोकरी

पत्र: मी संगणक अभियंता आहे. २००८ ते २०१४ अशी सहा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम केले. मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडून जळगावला आले. आता माझे वय ४० आहे. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. पुन्हा नोकरी करण्यासाठी डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स करायचा आहे. फी २ लाख ४० हजार असून प्लेसमेंटची हमी आहे. त्यासाठी एफडीतले उरलेले १ लाख ८० हजार मोडावेत, माहेरचे सोने तारण ठेवावे, की कोर्सवाल्यांनी देऊ केलेले २४ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते घ्यावेत? पुढच्या वर्षापासून मला महिना ८० ते ९० हजार मिळतील, असे धरले आहे.
– एक वाचक, जळगाव

उत्तर: ताई, तिन्ही मार्ग नकोत, कारण या फीला हा कोर्सच घेऊ नये असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे देतो. मात्र पत्रासोबत तुम्ही घरखर्चाचा हिशेब आणि विम्याच्या कागदांच्या प्रती जोडल्या आहेत, आणि त्या वाचल्यावर ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, तिच्याबद्दल आधी लिहिणे मला भाग आहे.

तुमच्या यजमानांचा हातात येणारा पगार ६८ हजार. त्यातून घराचा हप्ता २४ हजार, घरखर्च २८ हजार, शाळा आणि क्लास ९ हजार. महिन्याला उरतात ७ हजार, म्हणजे वर्षाला ८४ हजार. याच ८४ हजारांतून जुन्या दोन पॉलिसींचे ३० हजार आणि मागच्या फेब्रुवारीत बँकेतून घेतलेल्या नव्या पॉलिसीचे १ लाख २० हजार, असे दीड लाख भरायचे आहेत. म्हणजे कोर्सचा एक रुपयाही न धरता वर्षाला ६६ हजारांचा खड्डा आहे. पहिला हप्ता तुम्ही एफडी मोडून भरलात. दुसरा ‘रावेरला सासऱ्यांची केळी कापणीला येईल, त्यातून भागवू’ असे तुम्ही लिहिले आहे. केळीचा भाव रावेर आणि बऱ्हाणपूरला रोज बदलतो आणि मे-जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी होते, हे तुमच्या घरात मी सांगण्याची गरज नाही. अशा उत्पन्नावर दहा वर्षे चालणारा, तारीख ठरलेला हप्ता बांधून घेणे ही मोठी चूक आहे आणि ती तुम्हाला करायला लावली गेली आहे.

आता त्या पॉलिसीचा कागद पुन्हा काढा आणि दुसऱ्या पानावरचा तक्ता पाहा. ‘प्रस्तावक’ या रकान्यात यजमानांचे नाव आहे, ‘विमेदार’ या रकान्यात तुमच्या आठ वर्षांच्या मुलाचे. रायडरचा, म्हणजे मूळ विम्याला जोडून घ्यायच्या जादा सोयीचा, रकाना कोरा आहे, म्हणजे यजमानांचे काही बरेवाईट झाले तर पुढचे हप्ते माफ होण्याची सोयसुद्धा यात नाही. ज्या मुलाच्या कमाईवर घरात कोणीही अवलंबून नाही, त्याच्या आयुष्याचा १२ लाखांचा विमा काढला गेला आहे, आणि ज्यांच्या पगारावर चौघे जगतात व डोक्यावर २१ लाखांचे गृहकर्ज आहे, त्या ४४ वर्षांच्या माणसाचा विमा जुन्या दोन पॉलिसी मिळून अवघा ६ लाखांचा आहे. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला कामावर असेपर्यंत मिळणारे ठेवसंलग्न विम्याचे कमाल ७ लाख धरले, तरी बेरीज १३ लाख होते. कर्ज फेडायलाच ८ लाख कमी पडतील आणि दोन मुलांचे शिक्षण त्यानंतर सुरू होईल. विक्री करणाऱ्या अधिकाऱ्याच्या समोर घराचे हे चित्र होते, कारण कर्ज त्याच बँकेचे आहे. तरीही त्याने ही पॉलिसी गळ्यात मारली, याची मला मनापासून चीड येते.

ती घेताना तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: आयकर वाचेल आणि १५ वर्षांनी २० लाख ‘गॅरंटीड’ मिळतील. आयकराचे आधी पाहू. यजमानांचे वार्षिक वेतन ९ लाखांच्या घरात आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, तेव्हा वाचवायला कर उरलेलाच नाही. वीस लाखांचा हिशेबही साधा आहे. दहा वर्षे १ लाख २० हजार भरून पंधराव्या वर्षी २० लाख मिळणे, म्हणजे वर्षाला साधारण ५ टक्के परतावा. हेच हप्ते पीपीएफमध्ये भरले असते, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने त्याच मुदतीत सुमारे २५ लाख झाले असते. तुम्ही विचाराल की, गेलेल्या पहिल्या हप्त्याचे काय? तो पूर्ण बुडाला असे धरा आणि उरलेले नऊ हप्तेच पीपीएफमध्ये टाका, तरी पावणेबावीस लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकते हे खरे आहे, परंतु तो बराच खाली येईपर्यंत ही पॉलिसी मागेच राहते. म्हणून फेब्रुवारीतला दुसरा हप्ता भरू नका.

पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच संपली आहे. तथापि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष पूर्ण झाल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. ते किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. त्याच पत्रात, कमावत्या माणसाऐवजी मुलाचा विमा का काढला आणि दीड लाखांचे हप्ते या पगारात कसे बसतील असे मानले, याचा खुलासाही मागा. कंपनीचे उत्तर समाधानकारक नसेल तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि फीही नाही.

जुन्या दोन्ही पॉलिसींची सहाच वर्षे उरली आहेत, त्या चालू राहू द्या. यजमानांचा १ कोटीचा, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंतचा निव्वळ मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) या महिन्यातच घ्या. तब्येत चांगली असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल, तर तो वर्षाला वीस ते तीस हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावर जीएसटीही राहिलेला नाही. अर्जात रक्तदाब, साखर, जे असेल ते खरे लिहा. यजमानांच्या कारखान्याचा ३ लाखांचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा चौघांसाठी स्वतःचा वेगळा घ्यावा. एवढे केल्यावर वर्षाला जेमतेम पाच-सात हजार उरतात, म्हणजे हिशेब कसाबसा जुळतो. तुमच्या नोकरीची गरज खरी आहे, ती इथे दिसते. मात्र ती कोणाच्या चुकीच्या पॉलिसीचे हप्ते भरण्यासाठी लागू नये.

आता कोर्स. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे की, कामात ३ वर्षांपेक्षा मोठा खंड असल्यास प्लेसमेंटची हमी लागू होणार नाही. तुमचा खंड अकरा वर्षांचा आहे. ज्या गोष्टीसाठी जवळजवळ अडीच लाख मोजायचे, तीच तुम्हाला मिळणार नाही. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे एका वित्त कंपनीने तुमच्या नावावर दिलेले कर्ज असते. कोर्स अर्धवट सोडला तरी महिना १० हजार भरत राहावे लागतात, आणि चुकले तर तुमचा सिबिल स्कोअर बिघडतो. जळगावात सोने तारण ठेवणे तासाभराचे काम आहे, म्हणूनच ते सहज करू नये. एफडी तर तुमच्या घराचा एकमेव आपत्कालीन निधी आहे.

शिवाय टेस्टिंगची सहा वर्षे बाजूला ठेवून डेटा सायन्सच्या रांगेत नवख्या मुलांमागे उभे राहण्याचे कारण मला दिसत नाही. चुका कुठे लपतात हे ओळखण्याची नजर आणि एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा, दोन्ही आजही चालतात. त्यात सेलेनियम किंवा प्लेराइट या साधनांवर टेस्टिंगचे ऑटोमेशन, एपीआय टेस्टिंग आणि गिट यांची भर घाला. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत आहेत, फक्त परीक्षेची फी हजाराच्या घरात असते. सगळे मिळून सहा महिन्यांत १५ हजारांपेक्षा जास्त खर्च होऊ नये. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी टाटा समूहाने २००८ मध्येच ‘सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्राम’ सुरू केला होता. टीसीएसचा ‘रीबिगिन’ आणि इन्फोसिसचा ‘रिस्टार्ट’ हेही त्याच हेतूचे उपक्रम आहेत. तिथे उमेदवाराकडून फी घेत नाहीत. सध्या कोणत्या जागा खुल्या आहेत ते त्यांच्या संकेतस्थळांवर पाहा आणि अर्जात खंड लपवू नका.

पगाराचा अंदाज मात्र खाली आणा. पहिल्या वर्षी ३० ते ४० हजार धरा. घरून काम मिळाले तर उत्तम. आठवड्यातून तीन दिवस पुण्यात हजर राहा असे म्हणाले, तर खोलीचे भाडे, जेवण आणि महाराष्ट्र एक्सप्रेसच्या फेऱ्या मिळून पंधरा हजार जातील आणि घरी वीस हजार येतील. तेवढ्यासाठी मुलांपासून दूर राहायचे का, हे मुलाखतीआधी दोघांनी बसून ठरवावे.

शेवटी तुमच्याच एका ओळीविषयी. ‘पीएफचे दीड लाख होते, ते बहुधा बुडाले असावेत’, असे तुम्ही लिहिले आहे. ते बुडालेले नाहीत. २०१६ च्या बदललेल्या नियमामुळे अशा खात्यावर वयाच्या ५८ पर्यंत व्याज मिळत राहते. आजवर ती रक्कम साडेतीन लाखांच्या आसपास गेली असावी. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, देणे २०१४ च्या उत्तरार्धात सुरू झाले, त्यामुळे तुमच्याकडे तो नसण्याची शक्यता आहे. जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून पीएफचा सभासद क्रमांक मिळवून खाते आधारशी जोडून घ्या. पैसे काढू नका. नवी नोकरी लागताच खाते तिकडे वर्ग करा, म्हणजे जुनी सहा वर्षेही धरली जातील आणि आणखी चार वर्षे काम केले तरी पीएफच्या पेन्शनला लागणारी दहा वर्षांची सेवा पूर्ण होईल.

सरेंडर मूल्याबाबत कंपनीचे लेखी उत्तर आले की त्याची प्रत मला पाठवा. लोकपालांकडे जायचे की नाही, ते तो आकडा पाहून ठरवू.