यूसीत (अनुदान वापरल्याच्या प्रमाणपत्रात) खर्च आधीच दाखवू नका (बायोगॅस प्रकल्पाचं अनुदान)

मॅडम, साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या गाळापासून) बायोगॅस करून त्यातला मिथेन वेगळा काढायचा तुमचा प्रकल्प. केंद्राचा पहिला हप्ता फेब्रुवारीत आला, कॉम्प्रेसर अजून आलेला नाही, आणि अकाउंट्सवाले म्हणतायत "यूसीत खर्च दाखवून टाका". वाचून पोटात गोळाच आला. दाखवू नका. मी दाखवला होता.

मिथेन वेगळा काढायला मेम्ब्रेन पद्धत घ्यायची की व्हीपीएसए, त्यात मी पडत नाही, ते तुम्हाला जास्त कळतं.

आमचाही हप्ता फेब्रुवारीअखेरचा. कॉम्प्रेसरची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढली, 40 टक्के अ‍ॅडव्हान्स दिला आणि यूसीच्या 12-ए फॉर्मात अख्खी रक्कम खर्ची टाकली. पीओ दिली म्हणजे पैसे गेल्यातच जमा, असा माझा शहाणपणा. मशीन आलं जूनमध्ये. ऑडिटरने इनव्हॉइस आणि यूसी शेजारी शेजारी ठेवली, पुढचं काय सांगू. दुसरा हप्ता 14 महिने अडकला.

त्यातही चुकीपेक्षा जास्त छळलं ते पैसे देणाऱ्या कार्यालयाने (नाव घेत नाही). सुधारित यूसी तीनदा पाठवली, तिन्ही वेळा एका ओळीचं पत्र: "विहित नमुन्यात सादर करावे." नमुना तोच होता हो! शेवटी दिल्ली गाठली. टेबलावरच्या गृहस्थांनी फाइल उघडली आणि व्याजाच्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. तिथे मी शून्य लिहिलं होतं, पासबुकात व्याज होतं 11,340 रुपये. एवढंच पहिल्या पत्रात लिहिलं असतं तर माझा जेआरएफ (प्रकल्पावरचा ज्युनिअर रिसर्च फेलो) टिकला असता. स्टायपेंडशिवाय पोरगं किती दिवस थांबणार? पुण्यात नोकरीला लागला, बरंच केलं त्याने.

ते व्याज तुमचं नाही, कॉलेजचंही नाही. जनरल फायनान्शियल रूल्स 2017, नियम 230(8): हिशेब पक्के झाले की भारताच्या एकत्रित निधीत भरायचं. सरकारकडे पैसे भरायच्या भारतकोश पोर्टलवर भरा, चलन यूसीला जोडा. आता बऱ्याच योजनांत झीरो बॅलन्स खातं असतं, तिथे व्याजाचा प्रश्नच नाही. तुमचं कुठलं ते मंजुरीपत्रात बघा. मी सीए नाही, माझा अनुभवही जुना आहे.

माझ्या मते, जेवढे पैसे खरंच खर्च झाले तेवढेच दाखवा. अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडव्हान्स म्हणूनच, उरलेली रक्कम शिल्लक म्हणून. सोबत पत्रात पीओचा नंबर, देणं किती, आणि शिल्लक पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागा. अकाउंट्सवाल्यांना शिल्लक दिसली की धडकी भरते, भरू दे.

राग याचा येतो की अमेरिकेत शेल गॅसवरचं (शेल खडकातल्या नैसर्गिक वायूवरचं) सरकारी संशोधन 1976 मध्ये सुरू झालं, 1992 पर्यंत चाललं, आणि टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीचं गणित जमलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. आपल्याकडे कॉम्प्रेसरने 31 मार्च ओलांडला की संशोधक चोर.

जाता जाता, गॅस सिलिंडरमध्ये भरणार असाल तर गॅस सिलिंडर रूल्स 2016 आहेत. परवान्याचं काम पेसोकडे (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं), मुख्यालय आपल्या नागपुरात. त्याचे आणि सिलिंडरच्या हायड्रोटेस्टचे (पाण्याच्या दाबाने घ्यायच्या चाचणीचे) पैसे आम्ही कुठल्याच हेडमध्ये धरले नव्हते, खिशातून गेले. बायोगॅसच्या आयएस 16087 या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान 90 टक्के लागतो, बाहेरच्या लॅबचे रिपोर्टही बजेटमध्ये धरा.

पासबुकाचं मार्चचं पान नंबर झाकून इथे टाका, व्याजाची ओळ फॉर्मात कुठे जाते ते दाखवतो.